पहिला एचडी टीव्ही घेताय? आधी घरातला बॉक्स बघा

कराडात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीची खरेदी उरकली की दरवर्षी एक ठरलेली तक्रार घेऊन माणसं येतात. "नवीन टीव्ही आणला, पण चित्र फुटतंय. जुन्या डब्यातच बरं दिसत होतं." अशा वेळी मी टीव्ही उघडत नाही. घरी जातो आणि मागची वायर बघतो. बहुतेक वेळा तिथे पिवळी, पांढरी, लाल अशा तीन पिनांची जुनी वायर लावलेली असते. टीव्ही एचडी असतो, पण त्यात जाणारं चित्र वीस वर्षांपूर्वीचंच असतं.

पैसे मोजून-मापून खर्च करणाऱ्या घराला माझं पहिलं सांगणं म्हणूनच टीव्हीबद्दल नसतं. तुमच्या घरात चित्र येतं कुठून, म्हणजे सेट-टॉप बॉक्स कोणता आणि वायर कोणती, ते आधी बघा. त्यावरून टीव्ही केवढा घ्यायचा, कोणता घ्यायचा आणि किती पैसे वाचवायचे, हे जवळजवळ आपोआप ठरतं.

थोडा हिशोब सांगतो, तो समजला की दुकानात कोणी गुंडाळू शकत नाही. साध्या वाहिनीचं, म्हणजे एसडीचं, चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं असतं. एकूण सव्वाचार लाखांच्या आतबाहेर. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्हीचा पडदा १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांचा, म्हणजे साडेदहा लाख. 'फुल एचडी' १९२० गुणिले १०८०, म्हणजे वीस लाखांच्या वर. आणि 'फोर के' ३८४० गुणिले २१६०, म्हणजे त्र्याऐंशी लाखांच्या जवळ. आता सव्वाचार लाख ठिपक्यांचं चित्र वीस लाख ठिपक्यांच्या मोठ्या पडद्यावर पसरायचं म्हटलं, तर मधले ठिपके टीव्हीला अंदाजाने भरावे लागतात. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसतात, खालून सरकणाऱ्या बातम्यांची अक्षरं विस्कटतात. जुना डबा टीव्ही लहान होता आणि त्याची काच मुळातच मऊ चित्र दाखवायची, म्हणून हे दोष त्यात झाकले जायचे. नवा पडदा ते उघडे करतो.

घरात छत्री असेल, म्हणजे डीडी फ्री डिश, तर महिन्याचा खर्च शून्य. प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ पासून चालू आहे आणि आमच्या पाटण-कोयना भागात वाडी-वस्तीवर तिचाच आधार आहे. पण तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या एसडी आहेत. अशा घरात ४३ इंची टीव्ही लावला की घरातली म्हातारी माणसं हिरमुसतात. इथे ३२ इंचीच घ्या, आणि वाचलेल्या पैशातून एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकाच वायरीतून नेणारं भोक) असलेला एमपेग-४ चा, म्हणजे चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा, बॉक्स आणा. वाहिनी एसडी असली तरी एचडीएमआयच्या वायरीतून चित्र स्वच्छ येतं. तीन पिनांच्या वायरीत रंग आणि उजेड एकाच पिवळ्या तारेतून मिसळून जातात, त्यामुळे कडांना रंग सुटतो. एमपेग-४ बॉक्सचा दुसरा फायदा म्हणजे जुन्या बॉक्सवर न दिसणाऱ्या काही वाहिन्याही त्यावर लागतात.

केबल किंवा पैसे भरायची डिश असेल, तर बॉक्स हातात घेऊन उलटा करा आणि खालचं लेबल वाचा. नुसतं एचडीएमआयचं भोक आहे म्हणजे बॉक्स एचडी आहे, असं धरू नका. एचडीएमआय असलेले एसडी बॉक्सही मी पाहिलेत. लेबलावर एचडी लिहिलेलं असायला हवं, आणि तुमच्या पॅकमध्ये एचडी वाहिन्या हव्यात. केबलवाल्याला विचारा की एचडी बॉक्स बदलून द्यायचे किती आणि महिन्याला किती वाढणार. हा आकडा टीव्हीच्या किमतीतच धरा. पॅक बदलताना एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी अशी दोन्ही रूपं चालू राहिली तर दोन्हींचे पैसे जातात, तेही तपासा. एसडी काढून टाकायला सांगा. घरात जे खरोखर बघितलं जातं, म्हणजे दोन मराठी मालिकांच्या वाहिन्या आणि क्रिकेटची एक, तेवढ्याच एचडीत घ्या. बातम्या एसडीत चालतात.

आणि घरात फक्त मोबाईलच्या नेटवर यूट्यूब बघायचं असेल, तर डेटाचा हिशोब आधी करा. एचडी व्हिडिओ तासाला साधारण दीड ते तीन जीबी खातो. रोजच्या दोन जीबीच्या पॅकमध्ये एक चित्रपटसुद्धा पुरा होत नाही. वायफायची लाइन घरात येणार नसेल, तर स्मार्ट टीव्हीवर जास्तीचे पैसे घालायची घाई नको.

आता आकार. एक फूटपट्टी घ्या, किंवा मेजर टेप, आणि भिंतीपासून जिथे बसून बघणार तिथपर्यंतचं अंतर मोजा. चांगल्या नजरेच्या माणसाला ३२ इंची एचडी रेडी पडद्यावरचे ठिपके साधारण सहा फुटांच्या आतच वेगळे दिसतात. त्याहून लांब बसलात तर ३२ इंचात एचडी रेडी आणि फुल एचडीत तुमच्या डोळ्याला फरक कळणार नाही. तीच गोष्ट ४३ इंची फुल एचडी आणि फोर केची: सहा फुटांपलीकडे दोन्ही जवळपास सारखेच. दहा बाय दहाच्या खोलीत कॉटवर बसून बघायचं, तर ३२ इंची एचडी रेडी पुरतो. हॉल मोठा आहे, आठ-नऊ फुटांवर सोफा आहे, घरात एचडी वाहिन्या किंवा वायफाय आहे, तर ४३ इंची फुल एचडी घ्या. पहिल्या टीव्हीसाठी फोर केच्या मागे लागू नका. घरात येणारं चित्र फोर के नसेल, तर त्या ठिपक्यांचे पैसे वाया जातात. मात्र ४३ इंचात फुल एचडी आणि फोर केची किंमत जवळजवळ सारखी दिसली, तर दोन्हींचं चित्र शेजारी शेजारी लावून बघा आणि ज्याचे रंग, उजेड चांगले तो घ्या. ठिपके मोजू नका.

खोक्यावर 'फोर के सपोर्ट' असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एवढाच की फोर केचा व्हिडिओ आत घेऊन तो लहान करून दाखवता येतो. पडदा कसला आहे ते 'रिझोल्यूशन' या ओळीत बघायचं, आणि तिथे १३६६ गुणिले ७६८ लिहिलं असेल तर तो एचडी रेडीच. बाकी चमकदार शब्द कितीही असोत.

किमतीबद्दल. सध्या ३२ इंची एचडी रेडी साधारण आठ-नऊ हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मिळतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ३२ इंची आधीपासूनच १८ टक्क्यांत होता. त्यामुळे लहान आणि मोठ्या टीव्हीच्या किमतीतलं अंतर आधीपेक्षा कमी झालं आहे. घाई नसेल तर गुढीपाडवा, १५ ऑगस्ट किंवा दसरा-दिवाळीपर्यंत थांबा, सूट खरी मिळते. पण शेवटच्या दिवशी जाऊ नका. गर्दीत दुकानदार टीव्ही लावून दाखवत नाही, आणि न लावता टीव्ही घ्यायचा नसतो.

बिनव्याजी हप्ते म्हणतात त्यात प्रोसेसिंग फी असते, आणि कार्डावर घेतलं तर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटीही लागतो. शिवाय रोखीला मिळणारी सूट कधी कधी हप्त्याला मिळत नाही. दुकानदाराला दोनच आकडे कागदावर लिहून मागा: आज सगळे दिले तर किती, आणि हप्ते फिटेपर्यंत एकूण किती. या दोन आकड्यांतला फरक म्हणजे तुमचं व्याज, त्याला नाव काहीही देवोत.

दुकानात जाताना एक पेनड्राइव्ह खिशात ठेवा. त्यात तुमच्या फोनवर काढलेला फुल एचडी व्हिडिओ घाला: घरच्या लग्नातला, शेतातला, कुठलाही, फक्त त्यात ओळखीचे चेहरे हवेत. दुकानात चालू असलेला मासे आणि फुलांचा व्हिडिओ प्रत्येक टीव्हीवर सुंदरच दिसतो, तो त्यासाठीच बनवलेला असतो. आपल्या आईचा चेहरा नारिंगी दिसतोय का, काळ्या केसांत केस दिसतात की नुसता काळा डाग, हे तुम्हाला लगेच कळेल. दुकानाच्या लख्ख उजेडात टीव्ही मुद्दाम भडक ठेवलेला असतो. 'पिक्चर मोड' बदलून 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही' करायला सांगा आणि मग बघा.

नंतर बाजूला सरका. आपल्या घरांत सगळेजण टीव्हीच्या समोर बसत नाहीत. कोणी खाली चटईवर, कोणी कॉटवर, कोणी स्वयंपाकघराच्या दारातून बघतं. काही पडदे बाजूने पाहिले की फिकट पडतात, पण समोरून त्यांचा काळा रंग छान गडद असतो. त्यांना व्हीए म्हणतात. आयपीएस पडदा बाजूने आणि खालूनही रंग टिकवतो, काळं मात्र थोडं राखाडी दिसतं. घरात पाच-सहा माणसं पसरून बसत असतील तर आयपीएस. एकटे-दुकटे रात्री दिवा बंद करून बघणारे असाल तर व्हीए. खोक्यावर हे लिहिलेलं असेलच असं नाही, पण उभं राहून, बसून, बाजूने बघितलं की डोळ्यांना कळतंच.

आवाजही ऐका. पातळ टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात आणि भिंतीला लावल्यावर आवाज अजून दबतो. वॅटचा आकडा सोडा, माणसाचं बोलणं स्पष्ट कळतंय का तेवढं बघा. आमच्याकडे ज्येष्ठ गिऱ्हाइकांची पहिली गरज तीच असते. मागे निदान दोन एचडीएमआय, एक यूएसबी आणि हेडफोनची जागा असावी. जुना डीव्हीडी किंवा जुना बॉक्स वापरायचा असेल तर तीन पिनांची सोय आहे का तेही बघा, हल्ली काही टीव्हींतून ती गेली आहे.

स्मार्टच्या बाबतीत थोडं थांबून सांगतो, कारण स्वस्तातल्या टीव्हीत सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नुसतं 'अँड्रॉइड' लिहिलेलं असणं आणि गूगलची मान्यता असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मान्यता असलेल्या टीव्हीवर गूगल टीव्ही किंवा अँड्रॉइड टीव्हीचं चिन्ह असतं आणि आत प्ले स्टोअर असतं. एलजीचं वेबओएस आणि सॅमसंगचं टायझन या त्या कंपन्यांच्या स्वतःच्या प्रणाली आहेत, त्याही चालतात. मान्यता नसलेल्या टीव्हीत मोबाईलचं अँड्रॉइड कोंबलेलं असतं. त्यात पैसे भरून बघायच्या ॲपना लागणारं 'वाइडवाइन एल१' हे संरक्षण बहुधा नसतं, आणि मग ते ॲप चित्र एसडीतच देतं. म्हणजे टीव्ही एचडी, नेट चांगलं, वर्गणी भरलेली, तरी चित्र धूसर. दुकानात मोबाईलचा हॉटस्पॉट चालू करून टीव्हीला जोडा, तुम्ही बघता ते ॲप उघडा आणि रिमोटवरचा माईक दाबून मराठीत काहीतरी शोधून बघा. टीव्ही अडखळतोय का तेही तिथेच कळेल. पैसे कमी असतील तर माझा सल्ला स्पष्ट आहे: चांगल्या पडद्याचा साधा टीव्ही घ्या आणि वर्षा-दोन वर्षांनी एचडीएमआयला स्टिक लावा, म्हणजे साध्या टीव्हीला स्मार्ट करणारा छोटा तुकडा. स्टिक जुनी झाली तर बदलता येते. पडदा बदलता येत नाही.

पडदा बदलता येत नाही, हे मी दुकानात रोज कोणाला ना कोणाला सांगतो. ३२ इंची टीव्हीची काच फुटली तर नव्या पॅनलची, म्हणजे पडद्याची, किंमत नव्या टीव्हीच्या इतकी जवळ जाते की दुरुस्ती करण्यात अर्थ उरत नाही. आणि फुटलेली काच वॉरंटीत बसत नाही. लहान मुलं असलेल्या घरात टीव्ही उंचावर आणि घट्ट बसवा, हाच विमा. बाकीचे रोग मात्र बरे होतात. आवाज येतोय, चित्र नाही, असं झालं तर अंधारात पडद्यावर जवळून टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल जिवंत आहे, मागून उजेड देणारी बॅकलाइटची पट्टी गेली आहे. तिच्यातले एलईडी दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, एक गेला की सगळी विझते. हे काम थोड्या पैशात होतं. टीव्ही भंगारात घालू नका.

लेबल वाचल्याशिवाय बिल करू नका. खोक्यावर आणि टीव्हीच्या पाठीवर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, चिन्ह आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि माल खरा आहे का ते कळतं. नावाजलेल्या कंपनीशी मिळतंजुळतं नाव लावून विकले जाणारे जोडकामाचे टीव्ही इथेच पकडले जातात. बीईईच्या (वीज बचतीचं काम बघणारी सरकारी संस्था) तारांकित लेबलावर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, त्याला तुमच्या वीजबिलातल्या दराने गुणा. ३२ इंची एलईडी साधारण ३० ते ५० वॅटमध्ये चालतो. दिवसाला पाच तास लावला तरी महिन्याला साडेचार ते साडेसात युनिट. एमआरपी आणि बनवल्याचा महिनाही बघा. दोन वर्षं गोदामात पडलेला माल नव्याच्या भावात घ्यायचं कारण नाही.

आमच्याकडची बरीच मुलं मुंबई, नवी मुंबईत कामाला आहेत. सणाला येताना आईवडिलांसाठी टीव्ही घेऊन येतात आणि खोकं ट्रॅव्हल्सच्या डिकीत आडवं टाकलं जातं. वरून पोती. घरी उघडल्यावर पडद्यात कोळ्याचं जाळं. टीव्हीचं खोकं नेहमी उभंच न्यायचं, पडद्याच्या बाजूला उशीसारखं मऊही काही दाबून ठेवायचं नाही. त्यापेक्षा पैसे तिथून पाठवा आणि टीव्ही इथल्या दुकानातून घ्या, किंवा ऑनलाइन गावाच्या पत्त्यावर मागवा. मागवण्याआधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून गावाचा पिनकोड सांगा आणि माणूस घरी येतो का, येण्याचे पैसे लागतात का, भिंतीचा स्टँड फुकट की विकत, हे विचारा. मी तर सांगेन की पाचशे-हजार जास्त गेले तरी चालतील, पण ज्याचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्यात आहे तोच टीव्ही घ्या.

टीव्ही घरी आल्यावर सामान आणणारा माणूस समोर असतानाच खोकं उघडा, आणि उघडताना मोबाईलवर सलग चित्रण करा. टीव्ही लावून पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे एकेका रंगाचे पडदे यूट्यूबवरून किंवा पेनड्राइव्हवरून दाखवा. काळे ठिपके, रेघा, कोपऱ्यातला डाग त्यातच दिसतो. एखाद-दुसरा मेलेला ठिपका बऱ्याच कंपन्या दोष मानत नाहीत, म्हणून तो पहिल्याच दिवशी दाखवून वाद घालायला हवा. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. पक्कं बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड नसेल तर मात्र तिथेही हात बांधलेले असतात.

भिंत मातीची असेल, किंवा पावसाळ्यात ओल धरणारी असेल, तर टीव्ही टेबलावर ठेवा आणि मागे चार बोटं जागा सोडा. कोयना भागात जून ते सप्टेंबर टीव्ही दिवसातून थोडा वेळ तरी चालू ठेवा, त्याच्या उबेने आतली ओल सुकते. विटांच्या भिंतीत फास्टनर पक्का बसतो, पोकळ ब्लॉक असेल तर गवंड्याला विचारून त्यासाठीचाच घ्या. उंची अशी ठेवा की बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या आसपास येतील. छताजवळ लावलेला टीव्ही मानेला त्रास देतो.

स्टॅबिलायझर दुकानदार गळ्यात मारतोच. आधी टीव्हीच्या पाठीमागचं लेबल वाचा. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलं असेल, आणि बहुतेकांवर असतंच, तर कमी दाबाचं काम टीव्ही स्वतः सांभाळतो. ते पैसे घराच्या चांगल्या अर्थिंगवर आणि एका स्पाइक गार्डवर घाला. खरा वैरी आकाशातली वीज आहे. वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, लांब गडगडलं तरी टीव्हीचा आणि बॉक्सचा प्लग काढा आणि छत्रीची किंवा केबलची वायरही बॉक्समधून सोडवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वीज छत्रीच्या वायरीतून येते, बॉक्स जाळते आणि एचडीएमआयमधून टीव्हीच्या बोर्डात शिरते. मे महिन्यात माझ्याकडे येणारे बरेच बोर्ड असेच जळलेले असतात.

शेवटची दहा मिनिटं सेटिंगला द्या. पहिल्यांदा चालू करताना 'स्टोअर' की 'होम' विचारतो, तिथे 'होम' निवडा. बॉक्स एचडीएमआयने जोडा, दोन्ही बंद असताना. बॉक्सच्या मेनूत आउटपुट १०८०आय आणि आकार १६:९ करा. टीव्हीवर पिक्चर मोड 'स्टँडर्ड' किंवा 'मूव्ही', 'शार्पनेस' जवळजवळ खाली, आणि बॅकलाइट शंभरवर असेल तर साठ-सत्तरवर आणा. डोळ्यांनाही बरं वाटतं आणि ती एलईडीची पट्टी कमी तापते, जास्त टिकते. एसडी वाहिनीवर माणसं रुंद, बुटकी दिसली तर टीव्हीचा आकार ४:३ करा. बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्या, चेहरे खरे दिसतील.

जुना डबा टीव्ही उकिरड्यावर फोडू नका. त्याच्या काचेत शिसं असतं आणि चालू असताना आत साठलेला विजेचा दाब बराच वेळ उतरत नाही, मुलांनी हात लावला तर झटका बसतो. जुन्याच्या बदल्यात नवा घेताना काही दुकानं तो घेतात, नाहीतर नोंदणीकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. नव्याचं खोकं आणि आतला थर्माकोल मात्र वॉरंटी संपेपर्यंत माळ्यावर ठेवा. सर्व्हिस सेंटरला न्यायची वेळ आली तर पडदा न फुटता तिथवर पोचवणारी तेवढी एकच वस्तू तुमच्याकडे असते.